ग्रीक नागरिकत्वाची परीक्षा आणि आमचं नेआ इओनिया

निकाल जुलैत लागला. तेव्हापासून ओळखीतल्या दोघातिघांनी ‘नक्की काय काय करावं लागतं?’ असं विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून काढते. ग्रीसमध्ये मराठी माणसं आधीच कमी, त्यात या भानगडीत पडलेली त्याहून कमी. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत विचारायला कुणीच नव्हतं.

आधी थोडक्यात प्रकार काय ते सांगते. ग्रीसच्या नागरिकत्वासाठी अर्ज करायच्या आधी एक ज्ञान-प्रमाणपत्र मिळवावं लागतं. पूर्वी अर्जदाराला एका समितीसमोर बसवून तोंडी प्रश्न विचारायचे. कुणाला सोपे प्रश्न, कुणाला अवघड, सगळं समोरच्यांच्या मर्जीवर. 2020 च्या कायद्यानं ते बदललं आणि मे 2021 पासून देशभर एकच लेखी परीक्षा सुरू झाली. ती मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. एका भागात भाषा : वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. दुसऱ्या भागात भूगोल, इतिहास, संस्कृती आणि राज्यव्यवस्था. भाषेची पातळी बी-वन, म्हणजे दुकानदाराशी भांडता येईल आणि शाळेला चिठ्ठी लिहिता येईल एवढी. प्रश्नसंच सरकारनं जाहीर केलेला आहे आणि तो फुकट मिळतो. त्यामुळे महागड्या शिकवणीच्या जाहिराती दिसल्या तरी घाई करू नका. नागरिकत्वाच्या अर्जासाठी माझ्या प्रकारच्या निवास परवान्याला सात वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. परवान्याच्या प्रकाराप्रमाणे हा आकडा बदलतो, तेव्हा आपला प्रकार आधी तपासा.

नोंदणी ऑनलाइन होते. करखात्याचे लॉगिन कोड म्हणजे ‘टॅक्सिसनेट’चे कोड तुमच्याकडे असतातच, कारण त्यांच्याशिवाय या देशात पान हलत नाही. फी 150 युरो. ती थेट भरता येत नाही. आधी ‘पारावोलो’ म्हणजे सरकारी शुल्काचं इलेक्ट्रॉनिक चलन काढायचं, त्याचा लांबलचक क्रमांक बँकेच्या अ‍ॅपमध्ये घालून पैसे भरायचे आणि मग तोच क्रमांक अर्जात टाकायचा. चलनाची पीडीएफ नीट जपून ठेवा, आणि नाव निवास परवान्यावर जसं आहे अक्षरशः तसंच लिहा. मी मार्चमध्ये एका संध्याकाळी भाजी फोडणीला टाकून हे करायला बसले आणि भाजी करपायच्या आत उठले. या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत सोपं काम होतं.

अभ्यासाला बसल्यावर मात्र छातीत धस्स झालं. ग्रीसचे तेरा प्रांत कोणते? पूर्णपणे देशाच्या हद्दीत वाहणारी सर्वांत लांब नदी कोणती? (अलियाकमोनास.) पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा खून कुठे झाला? (नाफ्प्लिओ, 1831.) संसदेत जागा किती? (300.) चाळिशी ओलांडलेल्या बाईनं दिवसभर ऑफिस करून रात्री हे घोकायचं म्हणजे डोळे मिटायला लागतात. लेक इथल्याच शाळेत जाते. तिनं एकदा माझा उच्चार ऐकून, ‘आई, तू असं बोललीस तर ते तुला मायनस मार्क देतील,’ असा धीरही दिला.

शेवटी मला मार्ग सापडला तो आमच्या उपनगरातच. आम्ही नेआ इओनियात राहतो. अथेन्सच्या ओमोनिया चौकापासून उत्तरेला सातेक किलोमीटरवर, साडेचार चौरस किलोमीटरच्या आत साठ हजारांवर वस्ती. पर्यटक इथे येत नाहीत, येण्यासारखं काही आहे असं इथल्या लोकांनाही वाटत नाही. पण प्रश्नसंचातला अर्धाअधिक ग्रीस इथल्या रस्त्यांवर सापडतो. हे एकदा लक्षात आल्यावर मी पाठांतर सोडलं आणि संध्याकाळी चालायला लागले.

भूगोल गच्चीवर झाला. आमची इमारत चार मजली, वर कपडे वाळत घालायची गच्ची. तिथे उभं राहिलं की अथेन्सभोवतालचं अटिकाचं खोरं म्हणजे काय ते पुस्तक न उघडता कळतं. उत्तरेला पार्निथा, 1,413 मीटर, हिवाळ्यात माथ्यावर बर्फ. ईशान्येला पेंतेली, ज्याच्या संगमरवरानं पार्थेनॉन बांधलं. पूर्वेला इमितोस, संध्याकाळी जांभळा होणारा. पश्चिमेला एगालेओची बुटकी रांग. दक्षिणेकडे तेवढं मोकळं, तिथे सारोनिक आखात. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि एका बाजूला समुद्र, म्हणून उन्हाळ्यात उष्मा इथे कोंडून बसतो. पेंतेलीकडून येणारं पाणी पोदोनिफ्तिस नावाच्या ओढ्यातून आमच्या वस्तीतून जातं आणि पुढे किफिसोस नदीला मिळतं. ओढा म्हणजे आता बराचसा काँक्रीटमध्ये बांधलेला नाला, कडेनं बोरू माजलेला. पण मोठा पाऊस झाला की तो आपलं मूळ रूप दाखवतो. भूकंपांबद्दल वाचत होते तेव्हा शेजारच्यांनी 7 सप्टेंबर 1999 ची दुपार सांगितली. केंद्र पार्निथाच्या पायथ्याशी, 143 माणसं गेली. इथल्या जुन्या इमारतींच्या भिंतींवरच्या बुजवलेल्या भेगा मला तेव्हापासून दिसायला लागल्या. पूर्वीही होत्याच.

इतिहासात मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो वेळ मी आनंदानं घालवला. त्याचं श्रेय घरमालकीण आजींना. वय ऐंशीच्या पुढे, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात, मला ‘पोरी’ म्हणतात. प्रश्नसंचात ‘1922 ची आशिया मायनरमधली (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली) आपत्ती’ असं एक प्रकरण आहे. मी त्यांना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, ते प्रकरण म्हणजे माझी आजीच.’

झालं असं होतं. 1922 मध्ये ग्रीक सैन्य तुर्कांकडून हरलं, स्मिर्ना (आजचं इज्मिर) शहर जळलं आणि माणसांचे लोंढे एजियन समुद्र ओलांडून इकडे आले. जानेवारी 1923 मध्ये लोझानला करार झाला आणि दोन देशांनी चक्क माणसांची अदलाबदल केली. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती इकडे, ग्रीसमधले मुसलमान तिकडे. निकष फक्त धर्म, भाषा नाही. इकडे आले सुमारे बारा लाख. तेव्हा ग्रीसची लोकसंख्या होती पन्नास लाखांच्या आसपास. घरात चार माणसं असताना पाचवं कायमचं राहायला आलं, असा तो हिशेब.

अथेन्सच्या उत्तरेला पोदारादेस नावाच्या माळावर या लोकांसाठी घरं बांधायचं ठरलं. 30 जून 1923 रोजी 1922 च्या लष्करी उठावाचे नेते निकोलाओस प्लास्तिरास यांनी पहिल्या घरांची पायाभरणी केली. पहिले रहिवासी पिसिदियातल्या स्पार्ताहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इस्पार्ताहून आलेले. म्हणून वस्तीचं नाव आधी नेआ पिसिदिया पडलं, पुढे नेआ इओनिया झालं. 1934 मध्ये अथेन्सपासून वेगळी नगरपालिका झाली. मोहल्ल्यांना लोकांनी आपल्या सुटलेल्या गावांची नावं दिली : साफ्रांबोली, इनेपोली, नेआपोली, अलात्साता. मी रोज ज्या बसथांब्यांवरून जाते ती सगळी तुर्कस्तानातली गावं आहेत, हे इतकी वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं.

मी कल्याणची. आमच्या शेजारचं उल्हासनगर असंच, लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या माणसांचं. 1949 मध्ये त्याला नाव मिळालं तरी ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते आजही चालतात. त्यामुळे आजींचं बोलणं मला परकं वाटलं नाही. एक गोष्ट मात्र नवी होती. इस्पार्ताहून आलेल्या त्यांच्या आजीला ग्रीक येत नव्हतं. घरात तुर्की. धर्मानं ऑर्थोडॉक्स म्हणून ग्रीक ठरल्या आणि इथे उतरल्यावर स्थानिकांनी त्यांना ‘तुर्कांचं बियाणं’ म्हणून हिणवलं. तुर्कस्तानच्या मध्यभागातल्या कापादोकियाहून आलेले काही जण तर तुर्कीच बोलायचे पण ती ग्रीक लिपीत लिहायचे. आजी म्हणाल्या, ‘माझ्या आजीला कुणी परीक्षा घातली असती तर ती नापास झाली असती. आणि तू बघ, प्लास्तिरासची तारीख पाठ करत्येस.’

त्यांच्याकडे कपाटात आजीची गालिचे विणायची फणी आहे. लोखंडी दातांची, वीतभर, लाकडी मूठ हात लागून लागून काळी तुकतुकीत झालेली. गाठींची एक ओळ झाली की या फणीनं ती ठोकून खाली बसवायची. मी हातात घेतली तर मनगट वाकलं, एवढी जड. पैसे गाठींवर मिळायचे. मुली आठ-दहा वर्षांच्या झाल्या की मागापाशी बसायच्या, बोटं बारीक म्हणून. इस्पार्ताचे लोक गालिच्यांचं काम येताना बरोबर घेऊन आले आणि त्यावर इथे कारखाने उभे राहिले. पुढे कापडगिरण्या आल्या, आणि या भागाला ‘ग्रीसचं मँचेस्टर’ म्हणायला लागले. आता त्यातल्या बहुतेक बंद आहेत. जुनी दुमजली दगडी निर्वासित घरं, बाहेरून जिना असलेली, आत गल्ल्यांमध्ये अजून काही दिसतात. बाकीची अशीच गेली : जागा मालकानं द्यायची, बिल्डरनं इमारत बांधायची, बदल्यात एकदोन फ्लॅट. आमची इमारतही त्यातलीच. इथे मुद्दाम फिरायला आलात तर पालिकेचं आशिया मायनर संस्कृतीचं केंद्र आहे, तिथे जाऊन या.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणासाठी मी कालोग्रेझाला चालत गेले. आमच्या पालिकेचाच भाग, तिथे पूर्वी लिग्नाइट कोळशाची खाण होती. 15 मार्च 1944 रोजी जर्मन फौज आणि त्यांच्या ग्रीक साथीदारांनी वस्तीला वेढा घातला, पुरुषांना गोळा केलं, आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं त्यांना गोळ्या घातल्या. स्मारकावरची नावं वाचताना मी आडनावांचे शेवट बघत होते. ‘ओग्लू’नं संपणारी आडनावं म्हणजे निर्वासितांची मुलं, हे एव्हाना कळायला लागलं होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका देशातून हाकलली गेलेली माणसं ती.

प्रश्नसंचातलं एक पान माझ्यासाठी थेट मुंबईला पोचलं. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल लागला तो 20 ऑक्टोबर 1827 च्या नावारिनोच्या आरमारी लढाईत. ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. ब्रिटिश अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टन ज्या ‘एशिया’ जहाजावर होता ते बांधलं होतं मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी, सागवानात. 1824 मध्ये ते पाण्यात उतरलं. हे परीक्षेत विचारत नाहीत. मी मात्र ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं आहे, काहींना दोनदा.

ऑफिस मारुसीला. नेआ इओनियाहून लोकलनं, म्हणजे इथले लोक जिला ‘इलेक्ट्रिकोस’ म्हणतात त्या गाडीनं, चौथं स्टेशन. अथेन्सहून किफिसियाला पूर्वी कोळशाचं इंजिन जायचं. ते 1938 मध्ये बंद झालं, आणि 1957 मध्ये विजेची गाडी किफिसियापर्यंत पोचली. वाटेत इरिनी स्टेशनला 2004 च्या ऑलिंपिकचं मैदान. त्या मैदानाला नाव स्पिरिदोन लुईसचं, मारुसीत पाणी वाहून विकणाऱ्या घरातला तरुण, ज्यानं 1896 ची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन सुमारे दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत जिंकली. संस्कृतीच्या भागाची उजळणी मी या गाडीतच करायचे. घरी जागा नव्हती आणि वेळही नव्हता, गाडीत निदान कुणी हाक मारत नाही.

लिहिण्याच्या भागाबद्दल एक सांगते. बोलणं आपल्याला कामावर, बाजारात येऊन जातं. घाबरवतं ते हातानं लिहिणं. ग्रीकमध्ये ‘इ’ हा एकच उच्चार पाच-सहा तऱ्हांनी लिहितात, आणि कुठे कोणता ते डोळ्यांना सवय झाल्याशिवाय जमत नाही. नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण केंद्रांत ग्रीकचे फुकट वर्ग असतात, आपल्या पालिकेत चौकशी करा. मी त्याशिवाय रोज रात्री आजींना एक चिठ्ठी लिहायचे : पाण्याचा मीटर, जिन्यातला दिवा, काहीही. त्या लाल पेनानं तपासून सकाळी दाराखालून सरकवायच्या. जिन्यातला दिवा त्यामुळे खरोखरच दुरुस्त झाला.

परीक्षा मेमधल्या एका रविवारी, दुसऱ्या उपनगरातल्या शाळेत. पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही मूळ न्या, साधं निळं पेन दोन घ्या, पाण्याची बाटली घ्या, फोन बंद करून पिशवीत. बाक शाळकरी मुलांचे, गुडघे अडकतात. माझ्यापुढे अल्बानियातून आलेल्या एक बाई होत्या. त्या इतकी वर्षं इथे आहेत की त्यांचं ग्रीक माझ्या लेकीच्या तोडीचं, तरी हात थरथरत होते. मागे एक सरदारजी, मॅरेथॉन गावाकडे शेतात काम करणारे. मला बघून म्हणाले, ‘बहनजी, बोलना तो आता है, लिखना मार डालेगा.’ ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण घुमत होतं, पण पुन्हा ऐकवलं. इतिहासाचे प्रश्न दिसल्यावर मात्र माझा जीव भांड्यात पडला. कागदावर शब्द ग्रीक होते, डोळ्यांसमोर गल्ल्या होत्या. बाहेर पडल्यावर स्टेशनपाशी तिळाची कुलुरी म्हणजे कड्यासारखा पाव घेतला, सरदारजींनाही दिला. त्यांचं काय झालं ते कळलं नाही, नंबर घ्यायला हवा होता असं नंतर वाटलं.

मग थांबणं. या काळात मी पुढच्या अर्जाचे कागद जमवायला घेतले, आणि महाराष्ट्रातल्या बायकांनी हा परिच्छेद जरा नीट वाचावा. माझ्या जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. इथल्या एका कार्यालयात मात्र खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘ही दुसरी कोण?’ इथे लग्नानंतरही बाईचं कागदोपत्री नाव माहेरचंच राहतं, तसा कायदाच आहे 1983 पासून, त्यामुळे त्यांनाही बिचाऱ्यांना उलगडा होईना. मला सांगितलं एकदा, ‘विवाहाचा दाखला पुरे’. दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच माणसानं, ‘नाही पुरे’. शेवटी विवाह दाखला आणि ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रमाणपत्र, असं दोन्ही लावलं. जन्मदाखला भारतातून मागवायचा तर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का), मग इथे अधिकृत अनुवादकाकडून ग्रीक भाषांतर, हा क्रम उलटा करून चालत नाही. परराष्ट्र खात्याच्या अधिकृत अनुवादकांची यादी ऑनलाइन आहे. कल्याणला भावानं महापालिकेत खेटे घातले म्हणून माझं निभावलं.

निकाल जुलैच्या मध्यावर आला. ऑफिसात होते, लॉगिन केलं, ‘यशस्वी’ हा शब्द दिसला, खिडकी बंद केली आणि समोरचं बिल पूर्ण केलं. घरी आल्यावर आजींनी दार उघडताच माझा चेहरा बघून आतून चमच्यानं खायचा मुरांबा आणला, इथे पाहुण्याला तसाच देतात, बरोबर थंड पाणी. लेकीनं गुण विचारले आणि ‘ठीक आहे’ म्हणाली.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही, हे सगळ्यांनाच सांगावं लागतंय. मुख्य अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, 550 युरो. उत्पन्नाचे, कराचे, विम्याचे कागद, आणि निर्णय यायला वेळ. निर्णय राजपत्रात आल्यावर वर्षाच्या आत शपथ घ्यावी लागते. आणि ती घेतल्यावर भारतीय नागरिकत्व जातं, कारण भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. पासपोर्ट दूतावासात परत करून प्रमाणपत्र घ्यायचं, मग ‘ओसीआय’ म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी अर्ज. नवऱ्याचं म्हणणं, लेक इथलीच आहे, उगाच विचार करत बसू नकोस. माझं अजून ठरलेलं नाही. निळा पासपोर्ट खणात आहे, फाइल टेबलावर आहे.

नोव्हेंबरच्या परीक्षेला बसणार असाल तर दोन कामं आजच करा. परवान्याची मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत पुरते का ते बघा, नसेल तर नूतनीकरणाची पावती हाताशी ठेवा. आणि जन्मदाखला मागवा, निकालाची वाट बघू नका. तो सगळ्यात उशिरा येतो.